एकविसावी टोपली

सावली, ता. १२ नोव्हेंबर १९५७

चि. शालिकराम यास मुखरूमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? पोट ठिकाणावर आलं का? तिकडे सगळं मोहरीच्या तेलात तळतात असं तू लिहिलं होतंस, तेव्हापासून तुझी आई रोज विचारते. तुझ्या खोलीतल्या त्या दुसऱ्या मुलाचा खोकला गेला का? घरमालकिणीचे गुडघे कसे आहेत? तुमच्या नियोगीबाबूंचीही तब्येत विचारतो, कारण साहेबाचं डोकं दुखलं की हाताखालच्या पोरालेच भोगावं लागते. इथी तुझी आई रुखमा बरी आहे, दळताना मात्र अजून दोघांचं दळते आणि मग तुझं पीठ माझ्या डब्यात ओतते. तुझी मामी कमळा बरी. म्हशीचा खूर सुजला होता, तो उतरला. लटारू मापाऱ्याची कंबर धरली आहे, तरी धानगिरणीत येतो आणि बसल्या बसल्या मोजतो. गिरणीचं मी चालवतो ते तेलाचं इंजिन ठणठणीत आहे. आम्हा सगळ्यांत निरोगी तेच.

आता कामाचं. तू नागपूरहून बी. एस्‌सी. झालास तेव्हा गिरणीचे मालक गुणवंतराव शेठनं मले गिरणीत सगळ्यांसमोर विचारलं, भाचा आता काय होणार? मी म्हटलं, मोठा होणार. मूलच्या स्टेशनावर तुले गाडीत बसवून दिलं, गोंदियाला गाडी बदल म्हणून चारदा बजावलं. त्याले आता दीड महिना झाला. तीन पत्रं आली. पहिल्यात ट्राम, दुसऱ्यात हावड्याचा पूल, तिसऱ्यात मासे. तू तिथी करतोस काय ते एकातही नाही. ढिवर मोहल्ल्यातली रंभाबाई मले विचारते, पोरगा कोणत्या मशीनवर आहे? मी सांगतो, हिशेबाच्या. ती म्हणते, हिशेब तर तो इथीही करत होता, फुकट.

मनसाराम गुरुजींनी शाळेत गणिताच्या मास्तरची जागा तुझ्यासाठी होळीपर्यंत धरून ठेवली आहे. तुझ्या आईचा जीव त्या जागेत आहे हे तुले माहीत आहे. मले फक्त एवढं समजावून सांग, की ते यंत्र धान कांडते, पाणी ओढते, का कोळसा उचलते? ह्यातलं काहीच करत नसेल तर त्याले यंत्र काऊन म्हणतात?

तुझा मामा,
मुखरू

कलकत्ता, ता. २४ नोव्हेंबर १९५७

ती. मामाजींच्या चरणी शालिकचा नमस्कार.

पत्र पावले. माझे पोट बरे आहे. बाकी सर्वांचेही बरे आहे.

आपण विचारलेत म्हणून सांगतो, पण सावलीत बसून हे समजणे कठीण आहे, त्यात आपला दोष नाही. आमची संस्था देशभरच्या पिकांची पाहणी करते. हजारो शेतांचे आकडे येतात. त्यांची बेरीज करायला पूर्वी शंभर माणसे बसत. आता एक यंत्र करील. ते एका बंद, थंड खोलीत आहे. त्यात हजारभर काचेचे दिवे आहेत आणि एक धातूचा ढोल अखंड फिरत असतो. त्या ढोलावर एक हजार घरे आहेत. प्रत्येक घरात एकतर आकडा राहतो, नाहीतर यंत्राला दिलेला हुकूम. हुकूमही आकड्यांतच लिहायचे आणि कार्डांना भोके पाडून आत घालायचे. यंत्राला इंग्रजी समजत नाही, बंगाली समजत नाही. त्याला आकडे तेवढे समजतात.

मोठमोठे विद्वान आपापली गणिते ह्या यंत्रावर करणार. पण बेरीज कशी करायची, भागाकार कसा करायचा, एका घरातून दुसऱ्या घरात आकडा कसा न्यायचा, हे अगदी तळाचे हुकूम आधी कोणीतरी लिहून ठेवावे लागतात. ते आम्ही लिहितो. आमच्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. अख्ख्या देशात हे काम करणारी माणसे दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. गणिताच्या मास्तरकीशी ह्याची तुलना करणे म्हणजे विमानाची बैलगाडीशी करणे होय. गुरुजींना कळवावे की जागा धरून ठेवण्याचे कष्ट घेऊ नयेत.

आपला,
शालिकराम

सावली, ता. ५ डिसेंबर १९५७

चि. शालिकराम यास आशीर्वाद.

विमानातून पाठवलेलं पत्र बैलगाडीवाल्याले मिळालं. तुझ्या आईले वाचून दाखवलं. तिले ढोल समजला, बाकी काही समजलं नाही. ढोल अखंड वाजत असेल तर पोराले झोप कशी लागते, असं विचारते.

मी मात्र ते दोनदा वाचलं. मी शाळेत चौथीपर्यंतही गेलो नाही, जंगल खात्याच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकलो, त्यामुळे मले सावकाश वाचायची सवय आहे. आणि सावकाश वाचताना एक गोष्ट दिसली. यंत्र असं आहे, यंत्र तसं आहे, यंत्र हे करील, आम्ही ते लिहितो. चार पानांत "मी" कुठीच नाही. मी हात लावला, मी चालवलं, माझ्यानं चुकलं, असं एक वाक्य नाही. मी इंजिनाबद्दल लिहायला बसलो तर पहिल्या ओळीत माझं भाजलेलं बोट येईल.

गुणवंतरावाकडे मागं नागपूरचा एक सूटवाला आला होता. इंजिनाबद्दल असा बोलला की मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. मग पट्टा निसटला, तर हा आधी अंगणात. तुझं पत्र त्याच्याच तोंडचं वाटलं. तुले त्या थंड खोलीत जाऊ देतात का नाही, तेवढं लिही. नसतील देत तर तसं लिही. गुरुजींना मी काहीच कळवलं नाही. जागा आहे तशी आहे.

तुझा मामा,
मुखरू

कलकत्ता, ता. २ जानेवारी १९५८

ती. मामाजींच्या चरणी नमस्कार.

महिनाभर उत्तर लिहिले नाही. लिहायला बसत होतो आणि फाडत होतो.

आपण बरोबर ओळखलेत. पहिले अडीच महिने मी खोलीबाहेर बसून कार्डे पुसत होतो आणि गठ्ठ्यांना दोरे बांधत होतो. काचेतून आत पाहायचे, एवढेच. मागच्या महिन्यात नियोगीबाबूंनी मला एक काम दिले. सगळ्यात लहान. ओळीने ठेवलेल्या आकड्यांची बेरीज करणारे हुकूम लिही, म्हणाले. किती आकडे ते वापरणारा सांगेल, तू फक्त बेरीज करून दे. हे हुकूम नंतर सगळे लोक आपापल्या गणितात वापरणार, म्हणून चुकता कामा नयेत. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, पाव तास यंत्र मला मिळते.

मामाजी, बहुतेक वेळा बेरीज बरोबर येते. मी स्वतः दहा वेळा पाहिली. पण दुसरा कोणी वापरायला घेतो तेव्हा मधूनच चुकते, आणि किती चुकेल त्याला काही धरबंध नाही. कधी सातने, कधी चारशेने. मला वाटते ढोलात दोष आहे. तसे म्हटले तर नियोगीबाबू चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "यंत्राला नावे ठेवणारे बी. एस्‌सी. मी दर वर्षी दोन पाहतो. दोघेही आता चांगले शिक्षक आहेत."

माझी उमेदवारी मार्चअखेर संपते. तोवर हे दुरुस्त झाले नाही तर परत पाठवतील. हे आईला वाचून दाखवू नका.

आपण हसाल, पण हुकूम आपल्या भाषेत उतरवून पाठवतो. घरांच्या जागी धानाच्या टोपल्या समजा. वीस टोपल्यांची बेरीज करायची आहे.

पहिला हुकूम: ओळीतली पहिली टोपली उचल आणि ढिगावर ओत.
दुसरा: मनात वीस धर.
तिसरा: पुढची टोपली उचल, ढिगावर ओत, वीसमधून एक कमी कर.
चौथा: मनात काही उरले असेल तर पुन्हा तिसऱ्या हुकुमावर जा. काही उरले नसेल तर थांब.

ह्यात काय चुकले ते मला दिसत नाही. कागद नियोगीबाबूंच्या टेबलावर ठेवून आलो आहे, बाकी कोणाला दाखवले तर हसतील म्हणून दाखवले नाही.

शालिक

सावली, ता. २८ जानेवारी १९५८

चि. शालिक यास पुष्कळ आशीर्वाद.

कार्डं पुसलीस हे लिहिलंस, बरं वाटलं. मी दोन वर्षं इंजिन नुसतं पुसलं आहे. रुखमाला पत्रातलं तेवढंच वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुसणं-झाडणं त्याले घरी कधी जमलं नाही, तिथी बरं जमते.

तुझे हुकूम आम्ही चालवून पाहिले. हसू नकोस, तू सांगितलंस तसेच चालवले. गिरणीच्या अंगणात वीस टोपल्या धान ओळीनं मांडलं. आधी प्रत्येक टोपली काट्यावर तोलून आकडा लिहून घेतला. मग लटारूले म्हटलं, आज तू माणूस नाहीस, कलकत्त्याचं यंत्र आहेस, मी सांगीन तेवढंच करायचं. तो म्हणाला, "यंत्राले तंबाखू चालते का भाऊ?" मी म्हटलं चालते. मग मी कागद वाचत गेलो आणि तो ओतत गेला. आपल्या गिरणीच्या रीतीनं पहिली टोपली "लाभ" म्हणून ओतली, मग एक, दोन, तीन करत वीसपर्यंत गेला. शेवटी रिकाम्या जमिनीवर हात फिरवून कपाळाला लावला आणि थांबला. ही त्याची खोड असेल, मी विचारलं नाही. ढीग काट्यावर घातला. कागदावरच्या बेरजेला शेरभराचा फरक नाही.

म्हणजे तुझे हुकूम बिनचूक आहेत. कंबर धरलेला, तंबाखू चघळणारा, कधी शाळेत न गेलेला लटारू ते पहिल्या झटक्यात बरोबर करतो, आणि हजार दिव्यांचं, थंड खोलीत ठेवलेलं, चष्म्यावाल्यांनी पुजलेलं ते धूड चुकते. असल्या यंत्राले मी गिरणीत कोंडा भरायलाही ठेवणार नाही. आणि तो नियोगीबाबू! दुसऱ्याच्या पोराले हसायला त्याले वेळ आहे, स्वतःचा ढोल उघडून पाहायला नाही. खुर्चीला चिकटलेली ही माणसं मी जंगल खात्यात फार पाहिली. सागवानाचं झाड दाखवलं तर आधी फायलीत बघतात, हे सागवान आहे का म्हणून.

मी गप्प बसणार नव्हतो. त्या नियोगीबाबूले मी वेगळं पत्र टाकलं आहे. सगळं स्पष्ट लिहिलं आहे. आता तुझ्या केसालाही कोणी धक्का लावणार नाही.

तुझा मामा,
मुखरू

सावली, रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९५८

चि. शालिक,

हे पत्र हातातलं काम टाकून वाच. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या आहेत, माझी सोडून.

आज गुरुजींना सुट्टी होती. मी त्यांना आणि गुणवंतरावाले मुद्दाम बोलावलं, म्हटलं या, आमचा लटारू कलकत्त्याच्या यंत्राची कशी जिरवतो ते बघा. बघायला दहा-पंधरा माणसं जमली. वीस टोपल्या मांडल्या. मी मोठ्या आवाजात कागद वाचत होतो. मले आज फार चढलं होतं, खोटं काऊन बोलू.

त्याच वेळी रंभाबाई पोंभुर्ण्याहून, भावाकडून, येत होती. डोक्यावर टोपली, टोपलीत लुचईचं, बारीक धानाचं, बियाणं. तिच्या घरी लुचईचं बी दोन वर्षांमागं पुरात गेलं, तेव्हापासून ती भावाच्या मागं लागली होती. गिरणीपाशी थांबली, डोक्यावरचं ओझं उतरवलं, आणि जागा दिसली तिथी, आपल्या ओळीच्या टोकाला, टोपली टेकवून पाणी प्यायला विहिरीवर गेली. आमच्यातल्या एकाचंही तिकडं लक्ष नव्हतं. सगळे लटारूचा तमाशा पाहत होते.

लटारूनं लाभ म्हटलं, एक म्हटलं, आणि वीस म्हणून शेवटची टोपली ओतली. लोक वाहवा करू लागले. रंभाबाई पदरानं तोंड पुसत आली आणि उभी राहिली.

"मुखरूभाऊ, माही टोपली कुठी गेली?"

ती ढिगावर होती, शालिक. जाड्या धानाच्या ढिगावर बारीक लुचई अशी पसरली होती, की आंधळ्यालाही दिसावं. मी लटारूवर ओरडलो. म्हटलं, तुले वीस सांगितल्या होत्या.

"वीसच ओतल्या भाऊ. लाभ सोडून वीस."

रंभाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लाभ सोडून वीस, तं लाभ धरून किती झाल्या? सांग नं. ह्या बाईले मोजता येत नाई, तू मापारी हायेस."

लटारू बोटं मोजत बसला. गुरुजी हसायला लागले आणि मधेच थांबले. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, पहिल्या हुकुमावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि कागद मले परत दिला. मी तिथीच धान्याच्या पोत्यावर बसलो.

पोरा, पहिली टोपली तू मोजतच नाहीस. ती उचलून ओततोस आणि मग वीस धरतोस. म्हणजे एकवीस. मागच्या वेळी लटारूनं रिकाम्या जमिनीवर हात फिरवला ती खोड नव्हती, ती एकविसावी टोपली होती, पण तिथी टोपली नव्हती म्हणून बेरीज जमली. तुझ्याही यंत्रात पुढचं घर रिकामं असते तेव्हा जमत असेल. दुसऱ्या कोणाचा आकडा तिथी ठेवलेला असला की तो तुझ्या ढिगात येतो. सातचा असला तर सातनं चूक, चारशेचा असला तर चारशेनं.

आणि हे तू कुठी शिकलास तेही मले कळलं. सहा वर्षांचा असल्यापासून लटारूच्या मांडीशी बसून लाभ, एक, दोन म्हणत होतास. बी. एस्‌सी. झालास तरी हात तसाच चालतो. इथी अख्ख्या गावाचा तसाच चालतो, म्हणून एकालाही दिसलं नाही. तुझा ढोल शहाणा आहे. तुझे नियोगीबाबूही शहाणे असतील. ज्यानं कलकत्त्याला पत्र लिहून आपली अक्कल दाखवली तो खुळा तुझा मामा. मी त्यांना काय काय लिहिलं ते आठवते तेव्हा अंगावर काटा येतो. जमलं तर ते पत्र त्यांच्या हाती पडण्याआधी फाडून टाक.

मुखरू

कलकत्ता, ता. ११ फेब्रुवारी १९५८

ती. मामाजींस,

आपण नियोगीबाबूंना पाठवलेले पत्र मिळाले. त्यांना मराठी येत नाही. म्हणून त्यांनी आठ माणसांसमोर मला उभे करून ते वाचायला लावले आणि प्रत्येक वाक्याचा इंग्रजीत अर्थ सांगायला लावला. "तुमच्या ढोलात उंदराने बिऱ्हाड केले असेल" ह्याचा अर्थ मी सांगितला. "आमचा लटारू तुमच्या यंत्राला दोन पैशांच्या तंबाखूत हरवतो" ह्याचाही सांगितला. वाक्य गाळावे असे दर वेळी वाटत होते, पण गाळले नाही, कारण माझ्या चेहऱ्याकडे सगळे पाहत होते. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नियोगीबाबू हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या गावाकडे जास्त चांगले यंत्र असताना तुम्ही इथे वेळ का घालवता?"

कोणी आपल्याला सांगितले होते पत्र लिहायला? मी आपल्याला विश्वासाने लिहिले, आपण त्याचा गावजत्रेत खेळ केलात. इंजिनाच्या चार चकत्या फिरवता आल्या म्हणजे जगातले प्रत्येक यंत्र समजले, असे आपल्याला वाटते. आपल्याइतका आत्मविश्वास मला असता तर मी आज इथला साहेब असतो.

गुरुजींना सांगा, मी येतो. होळीच्या आत पोचेन. जागा सोडू नये.

शालिकराम

कलकत्ता, ता. २२ फेब्रुवारी १९५८

ती. मामाजींच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

माझे ११ तारखेचे पत्र मिळाले असेल. ते चुलीत घाला. आपले ९ तारखेचे पत्र मला १५ला मिळाले, म्हणजे मी तोंड सोडून चार दिवस झाल्यावर.

ते मी कोणाला न दाखवता हुकूम दुरुस्त करू शकलो असतो. एकच कार्ड बदलायचे होते, वीसच्या जागी आधी एक कमी करून घ्यायचा. पण मग वाटले, त्या आठ माणसांसमोर एक पत्र वाचले, तर दुसरेही वाचावे. नियोगीबाबूंच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, माझ्या मामाचे आणखी एक पत्र आले आहे, वाचू का? सगळे खुर्च्या ओढून हसायला बसले. मी पहिल्या ओळीपासून इंग्रजीत अर्थ सांगत वाचले. "तो खुळा तुझा मामा" हेही वाचले, आणि त्यापुढे माझ्याकडून जोडले की भाच्यानेही तीच मोजणी केली आहे.

रंभाबाई विहिरीवरून परत आली तिथपर्यंत लोक हसत होते. मग थांबले. नियोगीबाबूंनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून माझा कागद काढला आणि एकेका हुकुमावर पेन्सिल टेकवत वाचला. म्हणाले, "हे दोन महिने माझ्या टेबलावर होते. मी उघडले नाही. तुम्ही चुकणार हे मी आधीच ठरवले होते." मग विचारले, त्या बाईचे बियाणे भरून दिले का?

गुरुवारी माझ्या पाव तासात त्यांनी स्वतः माझ्या ओळीच्या पुढच्या घरात मुद्दाम नऊशे नव्याण्णव ठेवले. मागच्या घरातही ठेवले. हुकूम चालवले. बेरीज आली ती माझ्या वीस आकड्यांचीच. तीनदा चालवले, तीनदा तीच. आता इथे कोणाचेही नवे हुकूम आले की आधी मागच्या-पुढच्या घरांत परका आकडा ठेवून पाहतात. त्याला सगळे आपल्या बंगाली उच्चारात "रोम्भाची टोपली" म्हणतात. रंभाबाईंना सांगा.

१ मार्चपासून मी कायम. थंड खोलीची एक किल्ली मला मिळाली आहे. पुढचे काम भागाकाराचे.

मामाजी, गुरुजींकडे मी जागा मागितली होती, ती आता नको हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे ते मला कळत नाही. आपणच सांगा. आईला कसे सांगायचे तेही आपणच ठरवा.

आपला,
शालिक

सावली, ता. १ मार्च १९५८

चि. शालिक यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. टपालवाला सायकलवरून उतरण्याआधी मी ते त्याच्या हातातून घेतलं.

गुरुजींना काही सांगायची गरज नाही. ती जागा आता नाही.

कसं झालं ते सांगतो. रंभाबाईच्या टोपलीचं पत्र दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं आणि तसाच शाळेत गेलो. गुरुजींना म्हटलं, शालिकची जागा दुसऱ्याले द्या. ते म्हणाले, अजून होळी यायची आहे, त्याच्या साहेबानं काढलं तर? मी म्हटलं, काढलं तर काढलं, पण जागा आहे म्हणून त्यानं यावं हे मले नको. गुरुजींनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. मूलचा एक मुलगा त्याच आठवड्यात रुजू झाला. पाढे बरे म्हणवून घेतो.

मी तुले कधी सांगितलं नाही. वीस वर्षांचा असताना घुग्घुसच्या कोळसा खाणीत इंजिनघरात लागलो होतो. तिथल्या मिस्त्रीनं चार लोकांत माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, नांगर धर. घरी नांगर होताच. आठव्या दिवशी परत आलो. मग इंजिन शिकलो ते एकट्यानं, बोटं भाजत, पंधरा वर्षांत. खाणीत दोन वर्षांत शिकलो असतो. घरी नांगर नसता तर.

सतरा तारखेला तुझं रागाचं पत्र आलं, की मी येतो, जागा सोडू नका. तेव्हा जागा जाऊन आठवडा झाला होता. तुले काय लिहू? नोकरी तिथी गेली आणि इथली मामानं घालवली, असं लिहू? काहीच लिहिलं नाही. बारा दिवस ते पत्र बंडीच्या खिशात घेऊन इंजिन चालवलं. रोज टपालाच्या वेळेले रस्त्यावर उभा. तुझी आई विचारायची, पोराचं काय आलं? मी म्हणायचो, बरा आहे. एवढं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो. तू मले जे लिहिलंस त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ते चुलीत घातलेलं नाही. चकत्या मात्र चार नाहीत, नऊ आहेत.

काल तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा रुखमाले समोर बसवलं आणि सगळं एकदम सांगितलं. जागा होती, मी सोडली, तू येत होतास, आता येत नाहीस. ती उठून भांडी घासायला लागली. घासलेली भांडी पुन्हा घासली. मग म्हणाली, "दादा, माह्या पोराची वाट तुमी मले न इचारता बंद केली." मी म्हटलं, केली. "अन्‌ त्याले तिथीच ठेवलं असतं तं ठीक, पन काढून टाकलं असतं तं?" कालपासून ती मले ताट वाढते, पण पाठ करून.

रंभाबाईले मी माझ्या कोठीतलं लुचईचं बी दिलं, तिच्या टोपलीपेक्षा दोन पायल्या जास्त. तिनं दाताखाली दाणा फोडून पाहिला, म्हणाली, "भावाचं चांगलं होतं." कलकत्त्यात तिच्या नावाची टोपली आहे हे सांगितलं तर म्हणते, मले पायलं नाई, पुसलं नाई, अन्‌ नाव वापरून राह्यले. साहेब लोकांची रीतच तशी. पण सायंकाळी तळ्यावर सगळ्या बायकांना तीच सांगत होती.

लटारू अजून लाभ म्हणतो. मी त्याले काही बोललो नाही. गिरणीत लाभ राहू दे. तुझ्या भागाकाराचे हुकूम मात्र पाठवू नकोस. आमच्या अंगणात आता परक्या टोपलीले कोणी जागा देत नाही.

होळीले येऊ नकोस. आता कुठी किल्ली मिळाली आहे. दिवाळीले ये, आणि येताना तिच्यासाठी काही आण, माझ्यासाठी नको. उत्तर लवकर लिही, ह्याच आठवड्यात लिही. पण ह्या वेळी माझ्या नावानं नको. पाकिटावर रुखमाबाई असं मोठ्या अक्षरांत घाल. आजवर तिच्या नावानं टपाल आलेलं नाही. वाचून मलाच दाखवावं लागणार आहे, म्हणजे तेवढा वेळ तरी तिले माझ्याकडं तोंड करून बसावं लागेल.

तुझा मामा,
मुखरू